रात्र, रक्त आणि रातकिडे : कमी पैशांत भयपट करणाऱ्यांचे प्रश्न

या अंकासाठी आम्ही कॉलेजात शिकणाऱ्या वाचकांकडून पाच-सात मिनिटांच्या भयपटाबद्दल प्रश्न मागवले होते. सारखे प्रश्न एकत्र करून त्यांची उत्तरं इथे देत आहोत. एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. विद्यार्थ्यांच्या भयपटात पैशांपेक्षा रात्रीचे तास कमी पडतात. त्यामुळे जे जे दिवसा उरकता येईल, ते रात्रीवर ठेवू नका.

आम्ही आठ जण आहोत. पंधरा हजार रुपये जमलेत आणि कुडाळजवळचं आजोळचं घर दोन रात्री मिळणार आहे. हडळ, मुंजा की खवीस, काय घ्यावं? (माध्यम अभ्यासक्रम, द्वितीय वर्ष, कोल्हापूर)

भूत आपल्या खिशाकडे बघून निवडावं. खवीस म्हटला की दांडगा देह आला, म्हणजे मेकअप आला. हडळीची उलटी पावलं ऐकायला भयंकर वाटतात, पण पडद्यावर नकली पाय लगेच ओळखू येतात. शिवाय बाळंतपणात गेलेल्या बाईला भीतीचा विषय करताना तिच्या मरणाची कथेत काही किंमत ठेवा. नुसते मोकळे केस आणि पांढरी साडी एवढ्यावर ती उरकू नका. मुंजासाठी पिंपळ मिळेल, पण मुंज झालेला मुलगा लागतो आणि लहान मुलाला रात्री कामाला लावणं किती अवघड आहे ते पुढे येईलच.

आमचं मत विचाराल तर चकवा घ्या. ओळखीच्या वाटेवर माणूस फिरून फिरून त्याच जागी येतो, एवढीच गोष्ट. मेकअप नाही, रक्त नाही, एकच नट. लागते ती एक पाणंद आणि लक्षात राहील अशी एक खूण. समजा, वाट एका गडग्यापाशी (दगडी बांधापाशी) वळते. नायक दमतो, चप्पल काढून गडग्यावर टेकतो आणि मग घाईत एक चप्पल तिथेच विसरून निघतो. दुसऱ्या फेरीत चप्पल तिथेच आहे. तिसऱ्या फेरीत ती ओली आहे, आणि पाऊस तर पडलेला नाही. चौथ्या फेरीत चपला दोन आहेत, दोन्हींची टोकं त्याच्याकडे वळलेली, आणि तो स्वतः अनवाणी आहे. प्रत्येक फेरीत एकच बदल करा. दोन बदल केलेत तर प्रेक्षक कोडं सोडवायला लागतो आणि भीती ओसरते.

हे जमायला चारही फेऱ्यांत कॅमेरा हुबेहूब त्याच जागी हवा. ट्रायपॉडच्या तिन्ही पायांखाली चुन्याच्या खुणा करा, उंची दोरीने मोजून ठेवा, पहिल्या फेरीची चौकट फोनवर समोर धरून पुढची जुळवा. चप्पल कुठे होती याचा फोटो प्रत्येक वेळी काढा.

पंधरा हजारांची वाटणी साधारण अशी करता येईल: जेवण-चहा ५,०००, प्रवास २,५००, लाइट आणि वायरी २,०००, माइकचं भाडं २,०००, कपडे आणि मेकअप १,५००, राखीव २,०००. जेवणाचा आकडा पाहून दचकू नका. रात्री दोनला गरम खायला मिळालं नाही तर तीननंतर कोणी मनापासून काम करत नाही.

एका रात्रीत किती शॉट होतात? (सातारा)

हिशेब करून बघा. मे महिन्यात सातच्या सुमारास सूर्य मावळतो. पुरता अंधार पडायला साडेसात वाजतात आणि पहाटे पाचनंतर आभाळ उजळू लागतं. हाती राहिले साडेनऊ तास. त्यातून पहिली मांडणी एक तास, जेवण-चहा दीड तास. शेवटचा दीड तास तर धरूच नका, तेव्हा चुका दुपटीने होतात. उरले साडेपाच. कॅमेरा आणि लाइट हलवून नवी मांडणी करायला नवख्या टीमला वीस ते पंचवीस मिनिटं लागतात, म्हणजे तेरा ते सोळा मांडण्या. दोन रात्रींत फार तर तीस. शॉटच्या यादीत बेचाळीस मांडण्या असतील तर बारा आजच कागदावर कापा. ते काम पहाटे चारला केलंत तर नेमका शेवट कापला जातो. डिसेंबरात रात्र मेपेक्षा साधारण दोन तासांनी मोठी असते, जमत असेल तर तेव्हाच शूटिंग ठेवा.

आणखी एक उपाय आहे आणि तो आम्ही प्रत्येकाला आग्रहाने सांगतो. मूळ शूटिंगच्या आधी त्याच जागी भर दुपारी, साध्या फोनवर, रोजच्या कपड्यांत सगळी फिल्म एकदा घेऊन टाका आणि एडिट करून बघा. कुठला शॉट लागतच नाही, कुठे एक जास्त हवा, नटाला दारापासून खाटेपर्यंत किती पावलं पडतात, हे सगळं उन्हात फुकट कळतं. संहितेचं एक पान म्हणजे एक मिनिट हा हिशेब देवनागरीत आणि भयपटात फारसा लागू पडत नाही, कारण 'ती दार उघडते' या तीन शब्दांना पडद्यावर चाळीस सेकंद लागू शकतात.

क्रम लावताना सगळी खोली दिसणारे शॉट आधी घ्या, जवळचे नंतर. रक्ताचे सगळ्यात शेवटी. आणि रक्ताच्या प्रसंगात घालायच्या कपड्यांचे किमान दोन सारखे जोड ठेवा, नाहीतर दुसरा टेक घेताच येणार नाही.

फोनवर रात्रीचं चित्र दाणेदार येतं आणि मधूनच आडवे पट्टे सरकतात. लाइट भाड्याने घ्यायला पैसे नाहीत. (पुणे, सोलापूर, परभणी)

दाणे येतात कारण अंधार दिसला की फोन आपणहून आयएसओ (उजेड पकडायची संवेदनशीलता) वाढवतो. सगळं हाताने ठरवू देणारं ॲप घ्या. 'ब्लॅकमॅजिक कॅमेरा' हे ॲप फुकट आहे. आपल्या फोनवर चालतं का ते मात्र आधी बघून ठेवा. आयएसओ ८०० च्या वर जाऊ देऊ नका, मुख्य लेन्सच वापरा, आणि फोकस, एक्सपोजर (चित्र किती उजळ ते), व्हाइट बॅलन्स (रंग किती पिवळे की निळे ते) तिन्ही लॉक करा. तेवढ्यात चित्र काळं दिसत असेल तर दिवा जवळ आणा. दिवा निम्म्या अंतरावर आणला की चौपट उजेड मिळतो, त्याला पैसे पडत नाहीत.

पट्टे सरकतात ते विजेमुळे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूब आणि स्वस्तातले एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटर, म्हणजे एका फ्रेमला उजेड मिळायचा वेळ, १/५० सेकंद ठेवलं की प्रत्येक फ्रेममध्ये बरोबर दोन लुकलुकी बसतात आणि पट्टे जातात. डिमर लावलेले काही एलईडी तरीही त्रास देतात. शूटिंगला वापरायचा प्रत्येक बल्ब घरी फोनसमोर धरून तपासा.

आता लाइट. अंधार म्हणजे उजेड नसणं, असं समजून दिवे बंद केलेत की पडद्यावर नुसता चिखल दिसतो. काळोख दिसायला चौकटीत कुठेतरी एक उजेडाची कड लागते, तरच बाकीचं काळं वाटतं. ९ वॉटचा एलईडी बल्ब, होल्डर, दहा मीटर वायर, थर्माकोलचा एक पांढरा पत्रा आणि दोन काळ्या चादरी एवढं पुरतं. बल्ब नटाच्या मागे, एका बाजूला, डोक्याहून वर ठेवा. केस आणि खांद्याची कड उजळली की माणूस भिंतीपासून सुटा दिसतो. समोरून थर्माकोलवर आपटून आलेला थोडासा उजेड चेहऱ्यावर येऊ द्या. खोलीच्या भिंती पांढऱ्या असतील तर उजेड सगळीकडे उडतो आणि काळोख टिकत नाही. नटाच्या अंधाऱ्या बाजूला, चौकटीच्या जरा बाहेर, काळी चादर टांगा.

घरातले रात्रीचे प्रसंग दिवसाही घेता येतात. खिडक्या बाहेरून काळ्या कापडाने बंद करा. आतून केल्या तर फटी दिसतात. घराबाहेरचं दृश्य हवं असेल तर सूर्य मावळल्यावर वीसेक मिनिटं आकाश निळसर असतं, त्या वेळेत घ्या. आपल्याकडे संधिप्रकाश भराभर सरतो, म्हणून नटांची तालीम आणि कॅमेऱ्याची जागा सूर्य असतानाच पक्की झालेली हवी. यातही एकच शॉट मिळेल असं धरून चला. भर उन्हात रात्र करायची असेल तर आकाश चौकटीत घेऊ नका, सूर्य नटाच्या मागे ठेवा, एक्सपोजर दीड-दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) उतरवा आणि व्हाइट बॅलन्स ३२०० केल्व्हिनवर ठेवा, चित्र आपोआप निळं पडतं. पौर्णिमेच्या भरवशावर मात्र राहू नका. डोळ्यांना लख्ख वाटणारं चांदणं फोनला पुरत नाही.

हॅलोजन टाळा. १००० वॉटचे दोन हॅलोजन २३० व्होल्टवर जवळजवळ ९ अँपिअर घेतात आणि जुन्या घरातला साधा सॉकेट ६ अँपिअरचा असतो. वायर तापते, वास येतो, पुढचं सांगायला नको. जिलेटिन कागद किंवा बटर पेपर हॅलोजनवर लावला तर पेट घेऊ शकतो.

आमच्यातली एक मैत्रीण न्यू जर्सीत शिकते. फिल्ममध्ये तिचा व्हिडिओ कॉल आहे आणि तो भाग ती तिथेच शूट करणार आहे. काय सांभाळावं? (ठाणे)

तिथली वीज ६० हर्ट्झची. दोघींनी सेकंदाला २४ फ्रेम ठेवा. तुम्ही शटर १/५० आणि तिने १/६०. पट्टे कुठेच येणार नाहीत आणि एडिटमध्ये फ्रेमची गडबडही होणार नाही. फोनचा नेहमीचा कॅमेरा फ्रेमची गती कमी-जास्त करत राहतो, मग लांबलचक शॉटमध्ये ओठ आणि आवाज सुटे पडतात. तिलाही गती स्थिर ठेवणारं ॲप वापरायला सांगा आणि फाइल व्हॉट्सॲपवरून न पाठवता ड्राइव्हवर चढवायला सांगा. कॉल खराब दिसायला हवा असेल तर तो नंतर एडिटमध्ये खराब करा.

संवाद नीट ऐकू येत नाहीत, मागे सतत हूं असा आवाज राहतो. भीतीदायक आवाज कुठून आणायचे? (नाशिक, असाच प्रश्न रत्नागिरीहूनही)

भयपटात चित्रापेक्षा आवाजावर जास्त मेहनत घ्या. चित्र थोडं कच्चं असलं तरी लोक चालवून घेतात, आवाज फाटका असेल तर हसतात.

'हूं' येतो तो पंखा, फ्रिज आणि इन्व्हर्टर यांचा. तिन्ही बंद करा. फ्रिज बंद केल्यावर घराची किल्ली फ्रिजमध्येच ठेवा, म्हणजे निघताना तो चालू करायची आठवण राहील. मे महिन्यात पंखा बंद ठेवणं जिवावर येतं, पण टेक संपला की लावा, पुढच्या टेकला बंद करा. यजमानांच्या घरच्यांना हे आदल्या दिवशी सांगून ठेवावं.

कॉलर माइक दुसऱ्या फोनला जोडून तो फोन नटाच्या खिशात ठेवता येतो. रेकॉर्डिंग डब्ल्यूएव्ही फाइलमध्ये, ४८ किलोहर्ट्झवर करा. फोन फ्लाइट मोडवर टाका. सगळ्यात मोठ्या आवाजाला रेकॉर्डिंग ॲपमधला काटा उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू द्या. शून्याला टेकून फाटलेला आवाज नंतर कोणी दुरुस्त करू शकत नाही. माइक कापडाला घासतो, विशेषतः सुती साडीत, म्हणून डॉक्टरी टेपची गुंडाळी करून तो मधोमध चिकटवा. प्रत्येक टेकच्या सुरुवातीला टाळी वाजवा, एडिटमध्ये चित्र आणि आवाज तिच्यावरून जुळवता येतात. आणि प्रत्येक जागी, सगळ्यांना जागच्या जागी उभं करून, एक मिनिट नुसती शांतता रेकॉर्ड करा. एडिट करताना दोन संवादांमध्ये तीच भरायची असते. ती नसेल तर प्रत्येक कटला आवाज तुटतो.

किंकाळी रात्री घेऊच नका. शेजारी जागे होतात आणि नटीचा घसा पहिल्या तीन टेकमध्ये बसतो. रात्री तिला नुसतं तोंड उघडून श्वास सोडायला सांगा. किंकाळी दुसऱ्या दिवशी, गाद्या लावलेल्या खोलीत, माइकपासून दोन मीटरवर घ्या.

बाकीचे आवाज स्वयंपाकघरात आहेत. हाड मोडायचं असेल तर शेवग्याची शेंग ओल्या फडक्यात गुंडाळून माइकजवळ पिळून मोडा; ती तडतडत मोडते. मांस फाटल्याचा आवाज पिकलेल्या पपईत बोटं घालून मिळतो. रहाटाची कुरकुर, लाकडी जिन्याची पायरी, रिकाम्या खोलीत जात्याची घरघर, हे आवाज आपल्या प्रेक्षकांच्या कानांत आधीपासून आहेत. पैंजण आणि कोल्हेकुई मात्र इतक्यांदा वापरून झालेत की त्यांनी कोणी दचकत नाही. त्यापेक्षा रातकिडे घ्या. घराबाहेर रात्री दहा मिनिटं रेकॉर्ड करा आणि सगळ्या प्रसंगाखाली बारीक चालू ठेवा. प्रेक्षकाचं त्यांच्याकडे लक्षही नसतं. मग नेमक्या क्षणी, नायकाने मान वळवायच्या दोन सेकंद आधी, ते अचानक बंद करा.

आणखी एक तांत्रिक गोष्ट, जी बहुतेकांकडून राहते. हेडफोनवर काळजात धडकी भरवणारा ५० हर्ट्झचा घुमणारा आवाज फोनच्या स्पीकरवर ऐकूच येत नाही. तुमचे बहुतेक प्रेक्षक फोनवरच बघणार. त्या घुमण्यावर २०० ते ४०० हर्ट्झच्या पट्ट्यातला दुसरा एखादा आवाज चढवा. पाट्यावर वरवंटा सावकाश ओढल्याचा आवाज संथ करून घेतला तरी काम होतं.

खोटं रक्त घरी कसं करावं? टोमॅटो सॉस बरा का? (इचलकरंजी)

सॉस नको. तो नारिंगी दिसतो, दाणेदार असतो आणि त्याच्या वासाने नट हैराण होतात. बेकरीच्या सामानाच्या दुकानात लिक्विड ग्लुकोज मिळतं. पाव किलो ग्लुकोज, तीन-चार चमचे कोमट पाणी, एक चमचा लाल खाण्याचा जेल रंग, अर्धा चमचा कोको पावडर. कोको आधी थोड्या पाण्यात कालवून घ्या, नाहीतर गुठळ्या होतात. शेवटी निळ्या रंगाचा एक थेंब. त्याने गुलाबी छटा मरते. साखरेचा पाक वापरलात तर तो वाळल्यावर त्यात खडे धरतात. नाइलाजच असेल तर उकळताना लिंबू पिळा. दिव्याखाली रक्त नेहमी जास्त उजळ दिसतं, म्हणून कॅमेऱ्यातून बघून मग कोको वाढवा.

कपड्यांवर उडवायच्या रक्तात चमचाभर भांड्यांचा साबण घातला तर डाग निघायला मदत होते, पण ते तोंडात जाता कामा नये. दोन बाटल्या करा आणि त्यांवर ठळक लिहा. कातडीला रंग चढू नये म्हणून आधी व्हॅसलीनचा हात फिरवा. आणि गोड रक्ताला मुंग्या लागतात. जमिनीवर थारोळं करून जेवायला गेलात तर परत येईपर्यंत रांग लागलेली असते. ते शेवटच्या क्षणी ओता, खाली पारदर्शक प्लास्टिक अंथरा.

जखमेसाठी बिनचवीचं जिलेटिन, ग्लिसरीन आणि पाणी सम प्रमाणात घेऊन, गरम पाण्यात वाटी ठेवून विरघळवा. स्वतःच्या मनगटावर लावून बघा, नीट कोमट झाल्यावरच नटाच्या अंगावर लावा, थिजू द्या, मग चमच्याच्या दांड्याने चीर पाडा. आदल्या दिवशी कोपराच्या आत थोडं लावून ॲलर्जी तपासा. इन्स्टंट ग्लू कातडीवर कधीही वापरू नका.

धूर कसा करायचा? (अमरावती)

लोबान किंवा धूप पुरतो. धूर वर चढतो, म्हणून पुठ्ठ्याने सगळीकडे फिरवा आणि दोन-तीन मिनिटं थांबा. लोट विरून एकसारखा पडदा झाला की शॉट घ्या. मागून दिवा नसेल तर तो दिसणार नाही. टीममध्ये कोणाला दमा असेल तर धूर नकोच. कोरड्या बर्फाचं आकर्षण अनेकांना असतं. बंद खोलीत तो हवेतला ऑक्सिजन हटवतो आणि त्याचं धुकं नेमकं जमिनीलगत साचतं, जिथे तुमचा 'मेलेला' नट पडलेला असतो. शिवाय तो उणे ७८ अंशांवर असतो, उघड्या हाताने कातडी जळते. विद्यार्थ्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये.

परवानग्या काय लागतात? कथेत नऊ वर्षांची मुलगी आहे आणि एक प्रसंग किल्ल्यावर आहे. (पिंपरी)

किल्ल्याचा प्रसंग बदला. केंद्र सरकारच्या संरक्षित स्मारकात चित्रीकरणाला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची परवानगी लागते, राज्य संरक्षित असेल तर राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाची, आणि रात्री तिथे राहू देतील ही आशा सोडा. गावातल्या पडक्या भिंतीच्या एका कोपऱ्यालाही योग्य उजेड दिला तर बुरूज उभा राहतो. खाजगी जागेत मालकाची लेखी संमती घ्या. कॉलेजच्या लेटरहेडवर स्थानिक पोलीस ठाण्याला तारीख, वेळ, माणसं आणि एका जबाबदार व्यक्तीचा फोन नंबर लिहून पत्र द्या, पोच घ्या आणि ती सेटवर ठेवा. प्रसंगात खोटा सुरा असेल तर तेही त्यात लिहा. खरा सुरा सेटवर आणूच नका.

मुलीबद्दल. बालकलाकारांसाठीच्या केंद्राच्या नियमांप्रमाणे दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, आणि पालकांच्या संमतीबरोबर जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगीही लागते. नियमांपलीकडेही एक गोष्ट आहे: मूल खरोखर घाबरता कामा नये. तिचे शॉट दिवसा, खिडक्या झाकून, आईवडील खोलीत असताना घ्या. तिला भुताचा मेकअप होताना दाखवा, रक्त ढवळू द्या. तिने बघायचं ते भूत वेगळ्या शॉटमध्ये घ्या. पाठमोरं किंवा दुरून दिसायचं असेल तर बुटकी मोठी मुलगी चालते.

पडक्या घरात आदल्या दिवशी उजेडात सगळे मिळून फिरा. विंचू, साप, कुजकी पायरी, कठडा नसलेली विहीर. नट अंधारात जिथून धावणार, ती वाट झाडून घ्या आणि चौकटीबाहेर टॉर्च धरून एक माणूस उभा करा.

दचकवणारा क्षण हुकतो. लोक आधीच ओळखतात. (औरंगाबाद, आता छत्रपती संभाजीनगर)

ओळखतात, कारण तुम्ही संगीत चढवत नेता आणि चौकटीत एका बाजूला मोकळी जागा सोडता. प्रेक्षक त्या रिकाम्या जागेकडे बघत बसतो. तिथे काहीच येऊ देऊ नका. नायक कपाट उघडतो, आत काही नाही, बंद करतो, दोन सेकंद जाऊ द्या, प्रेक्षक श्वास सोडतो. आता. मोठा आवाज चित्राच्या एक-दोन फ्रेम आधी ठेवून बघा, मग नेमका त्याच फ्रेमवर, आणि जो लागू पडेल तो ठेवा. आधीची शांतता खरी शांत हवी. तिथे संगीताचा धागा राहिला तर धक्का अर्धा होतो. पाच-सात मिनिटांत असा क्षण एकदाच वापरा.

त्याहून टिकणारी भीती स्वस्तात मिळते. नटीला उलटं, पाठीमागे चालवा आणि एडिटमध्ये तो शॉट उलटा फिरवा. ती पुढे येताना दिसते, पण टाच, पदर आणि केस चुकीच्या क्षणी हलतात. चौकटीत दुसरं कोणी, धूर किंवा हलणारी फांदी नको. किंवा कॅमेरा खिळवून दोन टेक घ्या, एकात माणूस खुर्चीवर बसलेला, दुसऱ्यात खुर्ची रिकामी, आणि 'डाविंची रिझॉल्व्ह' या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या फुकट आवृत्तीत मधोमध जोड द्या. सावली जोडरेषा ओलांडत असेल किंवा पडदा हलत असेल तर जोड उघडा पडतो.

नटाला 'घाबर' असं सांगू नका. कुठे बघायचं, काय ऐकायचं आणि श्वास कधी रोखायचा, हे सांगा. टेकआधी दोन जिने पळवून आणलं की धाप खरीखुरी लागते.

गाण्याचे तीस सेकंद वापरले तर चालतात ना? आणि गाजलेल्या मराठी भयकथेवर फिल्म केली तर? (डोंबिवली)

तीस सेकंदांची सूट कुठल्याही कायद्यात नाही. गोष्टीवर लेखकाचा हक्क त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं असतो. लेखक किंवा वारस यांना पत्र लिहा. विद्यार्थ्यांना होकार मिळतोही, फक्त तो लेखी घ्या. आवाज नेटवरून घेताना परवाना वाचा: काही नुसते नाव दिल्यावर वापरता येतात, काही फक्त विनामोबदला कामासाठी असतात. महोत्सवाचा अर्ज भरताना हे विचारतात, आणि तेव्हा संगीत बदलायचं म्हणजे सगळं मिक्सिंग पुन्हा आलं.

लॅपटॉपवर छान दिसणारी फिल्म यूट्यूबवर चौकटी-चौकटी दिसते आणि कॉलेजच्या प्रोजेक्टरवर काहीच दिसत नाही. (लातूर)

काळोखातल्या हळूहळू बदलत्या छटा दाबताना यूट्यूब त्यांचे पट्टे करतं. चित्रावर थोडे बारीक फिल्मी दाणे चढवा, पट्टे लपतात. १०८० मधली फिल्म ४के करून चढवली तर यूट्यूब तिला जास्त बिटरेट (दर सेकंदाला जास्त डेटा) देतं. जास्त काही न करता फरक दिसतो. रंग ठरवताना खोली अंधारी आणि स्क्रीनचा उजेड मध्यम ठेवा, नाहीतर तुम्ही नकळत चित्र काळं करत जाता. मग तीच फाइल तीन फोनवर, एकदा उन्हात, आणि एका टीव्हीवर बघा. चेहऱ्यावरची उजेडाची कड सगळीकडे दिसायला हवी, बाकी काळं राहिलं तरी हरकत नाही.

प्रोजेक्टरसाठी वेगळी, थोडी उजळ प्रत काढून ठेवा. कॉलेजच्या सभागृहात पडदे पूर्ण बंद होत नाहीत आणि दारावरची ट्यूब चालूच राहते. प्रदर्शनाच्या दिवशी अर्धा तास आधी जाऊन सगळ्यात काळा शॉट लावून बघा आणि आवाज मागच्या रांगेत बसून तपासा. मूळ फाइल दोन जागी ठेवा. सेकंदाला ५० मेगाबिटने घेतलेलं चित्र तासाला साडेबावीस जीबी होतं, तेव्हा शूटिंगच्या रात्रीच कार्ड रिकामं करायला एक माणूस आणि दोन डिस्क लागतील. दोन्ही डिस्कवरची फाइल उघडून, शेवटपर्यंत चालवून पाहिल्याशिवाय कार्ड पुसू नका.